दस्तीखाली बंदुकीचा भाव

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मामाआजोबांशी बोलायला तयार झाला नाहीत. मी आदल्या आठवड्यात त्यांचा फोटो पाठवला होता. बँकेच्या दारात, खाकी कपड्यांत, खांद्याला दोन नळ्यांची बंदूक. धाकट्याने फोन टेबलावर पालथा घातला. नंतर तुमच्या आईने मला सांगितले की तुमच्या शाळेत दारे लावून, दिवे घालवून, बाकाखाली गप्प बसायचा सराव घेतात, कोणी बंदूक घेऊन आत शिरले तर काय करायचे त्याचा. हे मला माहीत नव्हते. मला तुमचा राग आला नाही. पण माझा भाऊ कॅमेऱ्यासमोरून उठला आणि अंगणात जाऊन बराच वेळ नळाशी उभा राहिला, तेही मी पाहिले. म्हणून ही बंदूक आमच्या घरात कशी आली ते आताच लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिणे तुम्हाला सोपे पडले असते आणि मलाही जड गेले नसते. सारी नोकरी मी सेलूच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यातच घालवली. पण यातली बोलणी आमच्या बोलीत झाली, ती तशीच राहू देते. आई वाचून दाखवील.

माझा भाऊ माझ्याहून पुष्कळ लहान. सैन्यातून हवालदार म्हणून सुटला आणि पुण्याला एका सोसायटीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राहू लागला. बायको आणि आमची आई मानवतला, हा तिकडे पत्र्याच्या खोलीत आणखी चौघांबरोबर. वर्षातून दोनदा यायचा. आईचे वय झाले होते. तो परत निघाला की ती दोन दिवस कोणाशी बोलायची नाही.

मग मानवतच्या एका बँकेत पहारेकऱ्याची जागा निघाली. ती माणसे पुरवणारा ठेकेदार परभणीचा. त्याची अट एकच, बंदूक स्वतःची पाहिजे. भावाने परवान्यासाठी अर्ज केलेला होता आणि पोलीस चौकशा, कलेक्टर कचेरीच्या खेपा होऊन परवाना एकदाचा हाती आला होता. पण नुसता परवाना घरात ठेवून चालत नाही. ठरलेल्या मुदतीत हत्यार विकत घेऊन त्याची नोंद करावी लागते, नाहीतर सगळे पहिल्यापासून. ती मुदत सरत आली होती आणि ठेकेदाराने निरोप पाठवला होता की पहिल्या तारखेला बंदुकीसकट हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मधे जेमतेम तीन आठवडे होते.

भाऊ रजा काढून आला आणि आधी आम्ही नांदेडच्या दुकानात गेलो. मी सोबत गेले, कारण भावाला घासाघीस जमत नाही. सैन्यात बंदूक मिळते, तिचा भाव करावा लागत नाही. दुकानदार गोड बोलणारा होता. काचेमागे नव्या बंदुका ओळीने उभ्या होत्या. त्याने किंमत सांगितली ती आमच्या जवळच्या पैशांच्या दुप्पट होती.

"काही कमी?" मी विचारले.

"मॅडम, नव्या मालात कमीजास्त न्हाई. कंपनीचा भाव. पट्टा देतो, कव्हर देतो, नळी साफ करायची सळई देतो. अन् चहा."

"चहा आम्ही बाहेर पिऊ. जुनी दाखवा."

त्याने आतून एक जुनी आणली. भावाने ती मधल्या सांध्यात उघडून नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून पाहिले आणि काही न बोलता परत दिली. मी विचारले तेव्हा म्हणाला, "आतून गंज चढलाय, आक्का. उद्या नळी फुटून मलाच लागंल." दुकानदार हसला. "बँकेच्या दारात उभीच ऱ्हाणारे ना ती? उडवायची कोणाला हाय?" भाऊ हसला नाही. तो तसाच बाहेर पडला. 

पुढच्या आठवड्यात मानवतच्या बाजारात बैलांचा एक दलाल भावाला भेटला. सोनपेठ तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात मोठ्या जमीनदाराकडे जुनी बंदूक विकायची आहे म्हणाला. म्हातारबुवांचा हात कापतो, मुले पुण्या-मुंबईला, प्रत्येक निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर सोडवून आणायची याचा त्यांना वीट आला आहे. विक्रीची सूचना त्यांनी सरकारदरबारी आधीच दिलेली होती आणि तिची मुदतही भरली होती. दोन गिऱ्हाइके मात्र त्यांनी परत पाठवली होती. एकाला म्हणे बसायची रीत नव्हती.

गावाचे नाव ऐकून आई चूल सोडून बाहेर आली. ते तिचे माहेर.

"ती बंदूक घ्यायलाव?" तिने विचारले. "तिचा आवाज मला माहीत हाय."

आम्हालाही कारण माहीत होते. माझ्या लहानपणी त्या घरची माणसे रानडुकरांची शिकार करायची. मामाच्या वस्तीतली माणसे पुढे जाऊन डबे बडवायची, ओरडायची, डुकरे बंदुकीकडे हाकलायची. एका सकाळी छर्रे डुकराऐवजी आमच्या मामाच्या पोटरीत शिरले. काही निघाले, काही तसेच राहिले. मामा जन्मभर एका पायावर रेटून चालला. कोणी दवाखान्याचे विचारले नाही, कोणी तक्रार लिहिली नाही. तेव्हा आम्ही बौद्ध होऊन काही वर्षे झाली होती, पण गावात त्याने एवढ्यात काही बदलले नव्हते.

"दुसरी बघतो," भाऊ म्हणाला.

"दुसरी कुठाय? तारीख कवा हाय तुझी?"

 आईने खूप वेळ पदराने हात पुसले. मग म्हणाली, "घे. पर भाव करताना ती गोष्ट काढू नका. तिच्यापायी कमी करून मागू नका. तिचा भाव होत न्हाई."

आम्ही दलालाला घेऊन गेलो. घर नवे होते. सिमेंटचे, पुढे लोखंडी जाळीचा ओटा, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. म्हातारे गृहस्थ लाकडी आरामखुर्चीत बसले होते. अंगात स्वच्छ पांढरा सदरा आणि उजवा हात डाव्या हाताने दाबून धरलेला. सून आतल्या दारात उभी. दलालाने ओळख करून दिली, "हे मानवतचे फौजी अन् ह्या त्यांच्या भैनी, प्रोफेसर." आम्ही कोण ते त्याने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. चहा आला तो सगळ्यांना कागदी कपांत, म्हाताऱ्यांनाही. त्यामुळे आम्ही कोण ते त्यांना ठाऊक आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी कप हातात धरून बसले आणि बँकेची तारीख मनात पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

सुनेने बंदूक आणली. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली.

"लंडनची हाय," म्हातारे म्हणाले. "आमच्या वडलांनी हैदराबादेत घेतली. निजामाच्या अमदानीत. असा माल आता मिळत न्हाई."

भावाने दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि दाराच्या उजेडाकडे धरून पाहिल्या. त्याचा चेहरा जरा सैल झाला. नळ्या चांगल्या होत्या. लाकडी दस्ता मात्र कधीतरी चिरलेला होता आणि त्यावर पितळी पट्टी ठोकली होती. मी चष्मा पुसून नळीवरची बारीक अक्षरे वाचली. वाचून झाल्यावर बोलावे की नाही असे क्षणभर वाटले. पण आम्ही भाव करायला आलो होतो.

"यावर बेल्जियम लिहिलं आहे," मी म्हणाले.

दाराशी सून जराशी हलली. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "वाचता येतं म्हणून काय बी वाचू नका, बाई."

"तुम्ही बघा ना. भिंग आहे का घरात?"

"सत्तर वर्सं ती लंडनची हाय."

दलाल घाईने मधे पडला. "बेल्जम म्हंजे बी विलायतच की, मालक. शेजारीच असंल."

 म्हाताऱ्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले. मला वाटले, संपले. बंदूक पुन्हा चादरीत जाणार आणि भाऊ पुण्याच्या गाडीत. पण थोड्या वेळाने ते दलालाला म्हणाले, "दस्ती काढ."

आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत, हे तुम्हाला सांगायला हवे. दलाल मोठा रुमाल, म्हणजे दस्ती, हातावर टाकतो आणि तिच्याखाली बोटे दाबून भाव सांगतो. बाजूला उभ्या असलेल्यांना कळत नाही आणि नकार मिळाला तर कोणाचा चारचौघांत अपमान होत नाही. त्या घरात बंदुकीचा भावही तसाच व्हायचा होता. दलाल म्हणाला, "तीस हजारांच्या वर किती, ते बोटं सांगतील." त्याने म्हाताऱ्यांचा हात दस्तीखाली धरला, मान हलवली, मग उठून भावाकडे आला आणि त्याचा हात दस्तीखाली घेतला. भावाने माझ्या कानाशी सांगितले, "पंधरा म्हणायलाय. पंचेचाळीस."

आमच्याजवळ पस्तीस होते. पस्तीसच.

मला ती पद्धत आवडत नाही. दोघे समोरासमोर बसले आहेत आणि तिसराच माणूस हात घेऊन इकडून तिकडे फिरतो आहे. वाटेत आकडा वाढला तर कोणाला कळणार? मी सरळ म्हणाले, "तुम्ही मधे कशाला फिरता? या दोघांचे हात एका दस्तीखाली घाला. काय ते त्यांचं त्यांना कळेल."

"तसं नसतंय, मॅडम," दलाल म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"का नसतं?"

त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिले. सुनेने खाली पाहिले. माझ्या डोक्यात फक्त दलालाचा आकडा होता. एका दस्तीखाली हात म्हणजे हाताला हात लागणार, हे त्या शांततेत माझ्या लक्षात आले. दलालाला आम्ही कोण ते माहीत होते. म्हाताऱ्यांना माहीत नसेल असे मला वाटत होते, पण त्या क्षणी त्याचीही खात्री राहिली नाही. भाऊ ताठ बसला होता. हात मांडीवर, पंजे उघडे. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आता हे गृहस्थ नाही म्हणाले तर आम्हाला उठावेच लागले असते. पस्तीस असोत की पंचेचाळीस, त्या नकारानंतर तिथे बसता आले नसते.

"खुर्ची पुढं घे," म्हातारे भावाला म्हणाले.

भावाने खुर्ची पुढे ओढली. दलालाने दस्ती टाकली. खाली दोन हात गेले. मला फक्त कापड दिसत होते आणि ते सारखे थरथरत होते. म्हाताऱ्यांचा हात कापत होता. बोट दाबले की सुटायचे, सुटले की परत दाबले जायचे. भावाच्या कपाळावर आठी आली. त्याला कळेना की सहा बोटे झाली, सात झाली की मोजणे अजून चालूच आहे. त्याने दुसराही हात दस्तीखाली घातला आणि तो हात दोन्ही हातांत स्थिर धरला. तरी काही उपयोग झाला नाही.

"बोटं कळंनात," तो हळू म्हणाला. "तोंडानं सांगा."

म्हाताऱ्यांनी हात काढून घेतला. त्यांचे कान लाल झाले होते. "छत्तीस. सकाळी फोनवर ह्याला तेच सांगितलंय."

सगळ्यांनी दलालाकडे पाहिले. तो दस्तीच्या घड्या घालू लागला. "मालक, माझी दलाली काय मग गोदावरी देनार हाय?"

"तुझं नंतर बघतो."

आता भाव उघडा झाला होता आणि भाऊ मला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. "दस्ता चिरलाय. अन् लंडनची न्हाई. बत्तीस."

"मी काय बैल विकायलोय? दात कसले बघायलास? पस्तीस. शेवटचं."

"तेहतीस."

"पस्तीस म्हणलं की पस्तीस." मग ते थांबले. भावाच्या चेहऱ्याकडे, नंतर त्याच्या हातांकडे पाहू लागले. "कोणाचा रं तू?"

आमच्याकडे हा प्रश्न कोणी कोणालाही विचारतो. पण त्या दिवशी तो ऐकून मी भावाकडे पाहिले. आईने गोष्ट काढू नका म्हणून सांगितले होते. विचारले तर खोटे सांगा असे मात्र सांगितले नव्हते.

"तुमच्याच गावचा भाचा हाय," भाऊ म्हणाला. "खालच्या आळीचा."

"खालच्या आळीत कोणाचा?"

"शिकारीला हाकारा घालायला यायचे, पुढं पायानं अधू झाले. ते माझे मामा."

आत कुठेतरी टीव्ही चालू होता, तो सुनेने जाऊन बंद केला. म्हातारे बंदुकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "धुकं होतं त्या दिवशी."

"आसंल," भाऊ म्हणाला.

"मी बावीस वर्सांचा होतो."

  माझ्या जिभेवर पुष्कळ काही होते, ते मी तिथेच ठेवले.

"वीस दे," म्हातारे एकदम म्हणाले. "वीस दे अन् घेऊन जा."

दलालाचे तोंड उघडेच राहिले. पंधरा हजार म्हणजे भावाचा त्या वेळचा महिनाभराचा पगार. मी हिशेब करायच्या आत भाऊ म्हणाला, "पस्तीस."

"मी वीस म्हणायलोय."

"मी पस्तीस द्यायलोय."

"माल माझा हाय. भाव माझा."

"तुमचा भाव पस्तीस होता. मी कोणाचा ते इचारायच्या आधी."

म्हाताऱ्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. कापरा हात, आवाजही आला नाही. "तर मग विकायचीच न्हाई. ठेव ती चादर."

भावाने बंदूक उचलली आणि तो खरोखरच ती चादरीत गुंडाळू लागला. नीट, सैन्यात शिकवतात तशी, कडा जुळवून. मला तारीख दिसत होती, ठेकेदार दिसत होता, मानवतच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभा राहिलेला भाऊ दिसत होता. वीस हजार घेतले असते तर काय बिघडणार होते, असेही एकदा मनात आले. ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण आईचे शब्द मी ऐकले होते आणि मोडायचे असतील तर ते मलाच मोडावे लागणार होते. भाऊ मोडणार नव्हता.

मी म्हणाले, "मामा वारले. असेपर्यंत त्यांनी तुमच्याकडे काही मागितलं नाही, आम्हीही मागायला आलो नाही. आम्हाला बंदूक हवी आहे. ती विकत द्या. तुम्ही जे म्हणता आहात ते विकत देणं नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. बेल्जियम वाचले तेव्हा पाहिले होते तसे नाही.  दाराशी सून हलकेच म्हणाली, "मामंजी, घ्या त्यांचं."

"पस्तीस लिही," ते शेवटी दलालाला म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

भावाने पैसे त्यांच्या हातात दिले नाहीत. हात फार कापत होता. शेजारच्या स्टुलावर ठेवले आणि वर पाण्याचा तांब्या ठेवला, उडू नयेत म्हणून. दलालाची दलाली त्यांनी दिली की नाही ते मला माहीत नाही. जीपमध्ये तो आम्हाला म्हणाला, "भाव पाडणारे लय बघितले. वर चढवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच." भाऊ खिडकीबाहेर पाहत होता.

नंतरचे सगळे कचेरीचे काम. दोन्ही परवान्यांवर नोंदी, पोलीस ठाणे, कलेक्टर कचेरी, सह्या. तारखेच्या चार दिवस आधी बंदूक भावाच्या नावावर झाली. घरी आणली तेव्हा आईने तिच्याकडे पाहिले नाही. "किती दिले?" एवढेच विचारले. भावाने सांगितले. "त्यांनी मागितले तेवढे?" तो हो म्हणाला. तिने त्याला वाढले.

ती आईसमोर कधी उघडली जात नाही. भाऊ घरी आला की ती मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जाते आणि किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला असते. काडतुसे वेगळ्या जागी. घरातल्या कोणाही मुलाने तिला हात लावलेला नाही. तुमच्या शाळेत ज्या बंदुकीची भीती घालतात, तशा बंदुका जगात आहेत आणि तुम्ही घाबरता ते चूक नाही, हे मी जाणते. ही कशी आहे ते तुम्हाला कळावे, एवढ्यासाठी मी हे सगळे लिहिले. मामाआजोबांशी बोलायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही.

ते म्हातारे गृहस्थ पुढच्याच वर्षी गेले. सुनेने भावाला फोन करून कळवले आणि तो जाऊन आला. तिथे काय झाले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. बंदूक अजून चांगल्या स्थितीत आहे. दस्त्यावरची पट्टी एकदा बदलली. बँकेच्या दारात तिचा बार एकदाही काढावा लागलेला नाही. भाऊ मानवतलाच आहे, आई आहे, आणि संध्याकाळी सगळी एकत्र जेवतात.